आक्काबाईंचं झेंडूचं गेट

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजपासून मी फ्लेक्सवाला नाही. डिझायनर. मखमलाबादच्या कोंडाजींनी नव्या बंगल्याच्या लोखंडी गेटचं काम दिलं. माणसानं झेंडू विकून बंगला बांधलाय, म्हणून गेटभर झेंडू आणि मधोमध आईचं नाव, आक्काबाई. वास्तुशांत तेवीसला. द्वारका चौकातल्या माझ्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर खूप झाले, आता पोलाद. छायाला सांगितलं. ती म्हणाली, लोखंड प्रिंटरमध्ये जात नाही, माहितीय ना? बायको बँकेत आहे. कलेचा संबंध नाही.

मंगळवार, ४
इलस्ट्रेटरमध्ये झेंडू काढला. एकच काढला, बाकीचे कॉपी-पेस्ट. निसर्गही हेच करतो. भगवा रंग, मागे सावली, पाकळीवर दवबिंदू. दवबिंदू बघत बसलो तर चहा गार.

गुरुवार, ६
अंबडच्या लेझर कटिंगवाल्यांना फाइल पाठवली. तिथे ड्रॉइंग बघणाऱ्या तेजस्विनी मॅडमचा फोन आला. त्यांना कॅडमध्ये, म्हणजे त्यांच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडणारी फाइल हवी. लेझरला रंग कळत नाही, फक्त रेघ कळते, म्हणाल्या. बिचारं मशीन.

शुक्रवार, ७, दुपार
'एक्सपोर्ट' नावाचं बटण असतं. दाबलं. झालं. लोक यासाठी कोर्स करतात!

संध्याकाळ
मॅडमचा फोन. त्यांच्या कॅडमध्ये सावली गेली, दवबिंदू गेले, आणि 'आक्काबाई'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची खूण आलीय. कॅडला मराठी येत नाही, यात माझा काय दोष? शिवाय इंच-मिलिमीटरच्या घोळात गेट पोस्टाच्या तिकिटाएवढं झालंय म्हणे. छायानं विचारलं, मुंग्यांचा बंगला आहे का? दुर्लक्ष केलं.

मंगळवार, ११
अक्षरांच्या आउटलाइन केल्या. माप वाढवलं. आता मॅडम म्हणतात, गेट एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमणीएवढं आलंय. हरकत नाही. तिकीट आणि चिमणी यांच्या मध्येच कुठेतरी गेट आहे. दोन्ही बाजूंनी घेरलंय त्याला.

गुरुवार, १३
माप बसलं! बसवलं मॅडमनी, पण फाइल माझी. आता एकच किरकोळ अडचण. प्रत्येक झेंडूभोवती बंद रेघ आहे, लेझर फिरला की फूल सुटून पडेल. म्हणाल्या, फुलांना ब्रिज द्या. ब्रिज! काय कल्पना आहे! मला कशी सुचली नाही? लगेच झेंडूंच्या मागे गोदावरीवरचा पूल काढला. कमानी, कमानींखाली पाणी, पाण्यात बदकं. हात थांबत नव्हता.

शुक्रवार, १४
फाइल उघडून मॅडमनी फोन केला, बदकं मुद्दाम काढलीत का, असं दोनदा विचारलं. भारावल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "सर, ब्रिज म्हणजे फूल पत्र्याला धरून ठेवणारी छोटी पट्टी. पूल नाही." मी म्हटलं, पूल तरी दुसरं काय करतो? धरूनच ठेवतो. त्या म्हणाल्या, मी सुधारून देते, दोन दिवस द्या. माझ्या रेघेला हात? ठणकावलं, एकही रेघ हलवायची नाही. त्यांनी तसं व्हॉट्सॲपवर लिहून मागितलं. लिहिलं. शेवटी फुलाचा इमोजी टाकला. त्यांनी नुसता अंगठा पाठवला.

शुक्रवार, २१
गेट कापून, बंगल्याला बसवून झालं. मी मुद्दाम बघितलं नाही. परवा सगळ्यांसोबत पहिल्यांदा बघणार. कोंडाजींना फोनवर सांगितलं, चादर टाकून ठेवा. ते म्हणाले, "टाकतो. पन शेखरभाऊ, फुलं गोणीत येगळी दिलीत. ती चिकटवायची हायत का?" हारातली फुलं असणार. म्हटलं, असू द्या. नवा कुर्ता इस्त्रीला दिला.

रविवार, २३
चादर मीच ओढली.
भोकं. परातीएवढी गोल भोकं. झेंडू नाहीत, कमानी नाहीत, बदकं नाहीत. नावातल्या 'ब'चं पोटसुद्धा गळून पडलेलं. टाळ्या वाजवायला उचललेले हात लोकांनी तसेच धरून ठेवले. तेवढ्यात गल्लीतलं कुत्रं एका झेंडूतून आत आलं, नैवेद्याकडे बघितलं, हाकलल्यावर दुसऱ्या झेंडूतून बाहेर गेलं.
मी समजावलं, हे आधुनिक आहे, यात रिकाम्या जागेला महत्त्व असतं. कोंडाजी म्हणाले, "हवेशीर लय हाय." आक्काबाई पुढे आल्या. त्यांनी स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं, बोट पलीकडे गेलं. "आरं पोरा, ह्यातून तर शेळी बी यील," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला जेवायला आग्रहानं वाढलं.
घरी येताना गाडी छायानं चालवली. टोमणा मारला नाही. ते जास्त लागलं.

मंगळवार, ४ मार्च
सावरलो. गेटचा फोटो इन्स्टावर टाकला. शीर्षक 'आरपार'. लाइक मंदगतीनं येतायत, म्हणजे लोक विचार करतायत. कोंडाजींचा फोन नाही. गेट बघायला येणाऱ्यांतून सवड मिळत नसेल.

रविवार, ११ मे
सहज मखमलाबादला गेलो. बंगल्याला साधं सरकतं गेट. नाव नाही, फूल नाही, भोक नाही. माझं कुठंय म्हणून विचारलं, तर आक्काबाईंनी हाताला धरून मागे नेलं. चार खांबांवर आडवं टाकलंय. त्यावर गिलक्याचा वेल. "तुझं गेट लय कामाचं निघालं बघ. भोकाभोकातून गिलकं सरळ खाली लोंबतंय. असा मांडव साऱ्या मळ्यात कुनाचा नाय."
मी विचारलं, वरून डिझाइन दिसतं का?
"न्हाय रं. पानंच पानं."
पिशवीभर गिलकी दिली. मला गिलकं आवडत नाही. छायानं भजी केली. खाल्ली.