आजी, तुझे ओले बोळे

प्रिय आजी,

आज सकाळी गच्चीवर पांढरी चादर वाळत घातली आणि दुपारी ती पांढरीच उतरवली. इथे सौदीत, दम्माममध्ये असं कित्येक आठवड्यांनी घडलं! या बातमीचं मोल तुलाच कळेल, म्हणून लिहायला बसलो.

युद्ध संपलं गं. पण कुवेतच्या तेलविहिरी जळत राहिल्या आणि धूर इथवर आला. भर दुपारी दिवे लावायचे. आमच्या मिनूला दमा. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे इथल्या मालकाकडे अडकलेले, पोरीला घेऊन जायचं कुठे? खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, त्या धुळीमुळे तासाभरात सुटायच्या. तिची छाती भात्यासारखी चालायची आणि मी नुसता उभा.

तेव्हा तू आठवलीस.

तुझे वडील आयर्लंडहून भुसावळला रेल्वेत आले आणि तू सात वर्षांची असताना वारले. तुझी आई साहेबलोकांचे कपडे धुवायला लागली. तू खोक्यावर उभी राहून इस्त्री करायचीस. शेजारीच इंजिनांची शेड! काजळीचा एक डाग पडला की चादर पुन्हा धुवायची. म्हणून कपडे घरातच वाळायचे आणि प्रत्येक फटीत ओल्या चिंध्यांचे बोळे. ते कोंबायचं, वाळले की भिजवायचं काम तुझं.

पुढे आजोबांशी लग्न करून भाकऱ्या थापायला शिकलीस, पण बोळे काही सुटले नाहीत. "काजळी फट शोधते, विनू. तिच्याआधी आपण शोधायची," म्हणायचीस. आणि मी मित्रांसमोर तुला चिंधीआजी म्हणायचो! तुला ऐकू यायचं ना? मग एकदा तरी कान का नाही पिळलास?

तुझ्या नातसुनेची, सुनंदाची सुती साडी बोळ्यांसाठी फाडायला घेतली, तर ती ओरडली, "अहो, वेड लागलंय का?" मग तीच बादली घेऊन आली. मिनूला नुकतंच घड्याळ कळायला लागलंय. बोळे भिजवायला दर तासाला तिची हाक, "बाबा, वन अवर हो गया, यल्ला!" यल्ला म्हणजे अरबीत 'चला'.

पहिल्याच दिवशी बोळे काळेकुट्ट निघाले, उशी मात्र स्वच्छ. हळूहळू पोरीची धाप कमी झाली. ती झोपली आणि मी शेजारी बसून रडलो. काल डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. सुटलो गं आजी!

एक कबूल करायचं राहिलंय. तू गेल्यावर तुझा चिंध्यांचा डबा मीच फेकला. कचरा म्हणालो. धुऊन, घड्या घालून ठेवल्या होत्यास त्या.

आज बोळे काढताना मिनूने विचारलं, "बाबा, फेक दूँ?"

नाही म्हणालो. उकळून घेतलेत. काळपटपणा पुरता गेला नाही, पण वाळले की बिस्किटांच्या डब्यात ठेवीन. डब्यावर तुझं नाव लिहीन आणि खोक्यावर उभ्या राहणाऱ्या त्या मुलीची गोष्ट मिनूला सांगेन. हा डबा मी फेकणार नाही, आजी.

तुझाच,
तुला चिडवणारा विनू