इंजिनाचं गोड पाणी

बाबा, आपल्या स्टेशनच्या गावाचा इतिहास म्हणून काल एक जाडजूड स्मरणिका निघाली, तेव्हापासून माझं डोकं फिरलं आहे. व्यासपीठावरून वाचून दाखवलं, ‘या खारपाणपट्ट्यात कोणी राहायला तयार नव्हतं, एका दानशूर शेठजींनी पाण्याची सोय केली आणि गाव वाढलं.’ अन् टाळ्या! अहो, शेठजींच्या कापसाच्या जिनिंगमधले मजूरसुद्धा तुमच्या हातचं पाणी पिऊन जगले. रेल्वेनं इंजिनांसाठी नदीवरून आणलेलं पाणी, प्लॅटफॉर्मच्या टोकाचा तो उंच नळ, आणि त्याचा वाल्व फिरवणारे तुम्ही. इंजिन भरलं तरी तुम्ही वाल्व मुद्दाम उशिरा बंद करायचे, कारण खाली घागरीएवढे पितळी गुंड घेऊन बायांची रांग असायची. स्टेशनमास्तर ओरडले की तुमचं उत्तर ठरलेलं, "वाल्व जाम हाय साहेब." त्या पाण्याच्या भरवशावर लोक बिऱ्हाडं घेऊन आले, बाजार भरायला लागला, शाळा आली.

गावात गोड्या पाण्याची एकच विहीर, तीही सगळ्यांना न पुरणारी, अन् आपण बौद्ध म्हणून तिच्यावर आपल्याला मज्जाव. एक दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. मज्जाव करणाऱ्या घरांतल्याच बाया तुमच्यापुढे गुंड धरतात. मी दहा वर्षांची, शेजारीच उभी आहे. एक बाई दुसरीला समजावते, "रेल्वेचं पानी हाय माय, याले इटाळ नसते." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मंग तुमच्या इहिरीवरून माह्या मायले काऊन हाकलता?" तर तुम्ही मलाच झापलं, सगळ्यांदेखत. "गप बस! पान्यासाठी आलेल्या मानसाले बोलू नाही." आणि वाल्व अजून थोडा सोडला. बाबा, त्याचा राग मला अजून आहे. काय मिळालं त्या चांगुलपणानं? वाफेची इंजिनं गेली, नळ भंगारात गेला, गाव पार हायवेपर्यंत पसरलं, आणि एवढ्या पानांत तुमच्यासाठी एक ओळ नाही.

स्मरणिकेच्या समितीला खडसावून लिहावं म्हणून बसले होते, अन् तुम्हालाच लिहीत राहिले. समितीला कोणत्या तोंडानं लिहू? निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून त्या समितीत मीही आहे. छापण्याआधी ते पान माझ्यापुढे ठेवलं होतं. "म्याडम, पान्याचं बरोबर हाय ना?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांची आईही त्या रांगेत असायची. तुमचं सांगितलं असतं तर विहिरीचंही सांगावं लागलं असतं, आणि सगळे मला इतका मान देत होते. मी "हाव, बरोबर आहे" म्हणाले अन् खाली सही केली.