हवेतून दोनच तास

चि. लंबूस,

ताईचे भरघोस आशीर्वाद. तू, तुझी बायको, मुलं, सगळे मजेत असालच. मी ठणठणीत आहे. (पत्रात असंच लिहायचं असतं.)

सहा वर्षं झाली, दर फोनला तुझं एकच तुणतुणं: विमानाने दोनच तास गं ताई, कधीही येतो. कधीही म्हणजे कधीच नाही, हे कळायला मला काही नव्याने अक्कलदाढ यायची नाहीये. म्हणून गेल्या आठवड्यात मीच तिकीट काढलं. तुला न सांगता. म्हटलं, बघू तरी हे दोन तास दिसतात कसे.

अरे, दोन तास फक्त हवेतले! जमिनीवरचे कोण मोजणार, माझा सासरा? पहाटे निघाले, तर रस्ता खोदलेला. विमानतळ इतका गावाबाहेर, की वाटलं टॅक्सीवाला थेट तुझ्या दारातच सोडतोय. मग एक रांग, मग दुसरी, आणि दोन्ही चुकीच्या निघाल्या म्हणून तिसरी. कापड धुतलं की आटतं, तुझे दोन तास मात्र धुतले की वाढतात.

तिसऱ्या रांगेत माझ्या पर्समध्ये कात्री सापडली. (सापडणारच. शिवणकाम करणारी बाई कात्रीशिवाय बाहेर पडते का? तू चड्डीशिवाय पडतोस?) गणवेशातली पोरगी म्हणाली, मोठ्या बॅगेत टाकायची होती, आता इथेच ठेवून जा. मोठी बॅग तर केव्हाच पट्ट्यावरून पुढे गेलेली. मी म्हटलं, बाई गं, नवऱ्याने एकदा या कात्रीने दुधाची पिशवी कापली तर मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते, आणि तुझ्या डब्यात टाकू होय? तिने साहेबाला बोलावलं. त्याची बाही काखेत ओढत होती. तेही सांगितलं, वर फुकट सैल करून देते म्हटलं. मेला ढिम्म हलला नाही. मग कात्री उचलली आणि ताठ मानेनं परत फिरले. माझी बॅग उतरवायला म्हणे अख्खं विमान खोळंबलं. खोळंबू दे! कळू दे सगळ्यांना, दोन तास म्हणजे काय ते.

तेव्हा कान उघडे ठेवून ऐक. मी आता विमानाची पायरी चढणार नाही. पुन्हा "दोनच तास" म्हणालास तर फोन आपटीन. बस धर, आगगाडी धर, नाहीतर चालत ये. आणि नाही आलास तरी माझं काही अडत नाही, हेही ध्यानात असू दे.

तुझी ताई

ता. क. बॅगेत तुझ्यासाठी शिवलेले चार शर्ट होते, जुन्या मापाचे. अंगाने सुटला असशील तर आधी कळव.

आणखी ता. क. डॉक्टर म्हणतात, पोटातली गाठ काढायलाच हवी. दोनदा तारीख दिली, दोन्ही वेळा मी मोडली. भाऊ दाराबाहेर उभा असल्याशिवाय त्या टेबलावर आडवी होणार नाही, असं ठणकावून सांगितलंय. ते म्हणतात, बाई हट्टी आहे. हट्ट कसला, भीती वाटते रे. विमानानेच ये.