पहिल्या बाईंच्या एकेचाळीस चुका

रामघाट, वाराणसी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सतरा महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी वहीची माफी मागते. लिहिण्यासारखे काही घडले नाही असे नव्हे. एक गोष्ट घडली होती, आणि ती लिहायला घेतली की तिच्यात मी बरोबर ठरत नव्हते. म्हणून दुसरेही काही लिहवले नाही.

येत्या गुरुवारी माझे पित्ताशय काढायचे आहे. डॉक्टर म्हणाले, तासाभराचे काम, तिसऱ्या दिवशी घरी. मी विचारले, मृत्युपत्र करून ठेवू का. ते म्हणाले, "दाँत निकलवाने जातीं, तब भी करतीं?" मी जरा विचार करून हो म्हटले. तेव्हापासून ते माझ्याशी जपून बोलतात.

तर मृत्युपत्राचा खर्डा इथेच करते. साक्षीदार आज येणार होते, पण प्रयागच्या कुंभाची गर्दी इकडे उतरली आहे आणि गल्लीत पाऊल ठेवायला जागा नाही. ते मंगळवारी येतील. तोवर शुद्धलेखन तपासून होईल.

मी, कस्तुरी विष्णु सप्रे, वय वर्षे सेहेचाळीस, अविवाहित, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी, राहणार वरील ठिकाणी, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, निदान शेजाऱ्यांची तशी समजूत आहे. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही, उलट दोघांनी नको म्हटले. आणि याआधी मी असे पत्र केलेले नाही. माझ्या पश्चात माझ्या वस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम १. घरातला माझा अर्धा हिस्सा धाकटा भाऊ केयूर याला. उरलेला अर्धा त्याचाच आहे. केयूर पुण्याला असतो आणि दर दिवाळीला येऊन भिंती मोजतो. यात्रेकरूंसाठी खोल्या काढाव्यात असा त्याचा विचार आहे. विचाराला माझी हरकत नाही. मात्र वरच्या मजल्यावर राहणाऱ्या श्रीमती कालिंदी गुर्जर यांना, त्या आहेत तोवर, कोणी हलवायचे नाही. त्यांच्या गच्चीचे माप घ्यायचे नाही. त्या देवळात गेल्या असतानाही नाही.

कालिंदीमावशी माझ्या नात्याच्या कोणी नव्हेत. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षे गाणे शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि माझ्या जन्माआधीपासून वर राहतात. आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. सतरा महिने आम्ही एकमेकींशी बोलत नाही. या पत्रातले जवळजवळ सगळे त्याच्याभोवतीच फिरणार आहे, तेव्हा ते आधीच सांगितलेले बरे.

कलम २. पुढची खोली, जिथे बाबांची वेदपाठशाळा भरे, ती यज्ञेश शिकवत आहे तोवर त्याच्या वापरात राहील. यज्ञेश बाबांचा शेवटचा विद्यार्थी. आता अडतिसाव्या वर्षी तोच शिकवतो. बाबा घनपाठी होते. घनपाठ म्हणजे मंत्रातले शब्द पुढे, मागे, पुन्हा पुढे असे गुंफून म्हणायचे, इतके की हजार वर्षांत एक स्वर इकडचा तिकडे होऊ नये. म्हणणारा चुकला की बाबा बोलत नसत, नुसते उजवे बोट वर करत. बोट वर गेले की पुन्हा पहिल्यापासून. मला त्यांनी शिकवले नाही, पण शेजारच्या खोलीत भाजी निवडताना माझे बोट त्यांच्याआधी वर जाई. ही माझी सगळी विद्या. मला गाता येत नाही, म्हणता येत नाही. चूक तेवढी ऐकू येते.

सध्या यज्ञेश दोन मजल्यांमधले टपालही सांभाळतो.

"ताई, वरून निरोप आहे. मोटर बंद करा, टाकी वाहतेय."

"सांग, कळलं."

"त्या जिन्यातच उभ्या आहेत. त्यांनी ऐकलं."

"मग सांग, ऐकलंत ते कळलं."

या कामाबद्दल बाबांची चांदीची पळी आणि पंचपात्र यज्ञेशला द्यावे. त्याने नको म्हटले तरी द्यावे.

कलम ३. बँकेतली ठेव आणि आईच्या पाटल्या केयूरची मुलगी मुक्ता हिला. ती माझ्याशी हिंदीत बोलते आणि माझ्या मराठीला "बुकिश" म्हणते, त्याचा याच्याशी संबंध जोडू नये. मीही जोडलेला नाही. (दोनदा विचार करून पाहिले. जोडलेला नाही.)

कलम ४. बावीस रोजनिशा न वाचता रद्दीत घालाव्या. गंगेत सोडू नयेत; तिच्यात आधीच पुष्कळ आहे.

कलम ५. आता रेकॉर्डिंगे. एका इटालियन ऑपेराची चार ध्वनिमुद्रणे माझ्या कपाटात आहेत. ऑपेराचे नाव खोक्यांवर आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही. गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची: एका मुलीचे भलत्याशी लग्न लावून देतात, तिला वेड लागते आणि त्या वेडात ती वीस मिनिटे गाते. कालिंदीमावशी पहिल्यांदा ऐकून म्हणाल्या होत्या, "एवढं वेड लागलं तरी सूर सोडला नाही. पोरगी शहाणी आहे."

पहिला संच, तीन तबकड्यांचा, माझा नाही. मावशींकडे एक परदेशी मुलगी सतार शिकायला येऊन राहिली होती, ती जाताना त्यांना देऊन गेली. फिरवायचे यंत्र माझ्याकडे, म्हणून तबकड्या खाली राहिल्या. दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्राने देता येत नाही. ती परत करावी. बाकीचे तीन संच मी मिळवले.

अकरा वर्षे दर रविवारी सकाळी आम्ही दोघी ऐकायला बसत होतो. गाणाऱ्या चौघींची नावे आमच्या जिभेला वळत नव्हती, म्हणून पहिल्या बाई, दुसऱ्या बाई असेच म्हणत असू. मी वही घेऊन बसे. पहिल्या बाईंना मी मूळ पाठ धरले, कारण त्या आमच्याकडे आधी आल्या. दुसरे काहीच कारण नव्हते, हे आज लिहिताना कळते. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बाई त्यांच्यापासून जिथे जिथे हलल्या, तिथे माझे बोट वर जाई आणि वहीत लाल फुली पडे.

"बोट खाली कर," मावशी म्हणायच्या. "ती बाई इटलीत बसलीय, तिला दिसत नाही."

"पण मावशी, पहिल्या बाई इथे सरळ उतरल्या होत्या. या मधेच तीन पायऱ्या वर चढल्या."

"मग चढू दे की. तेच पद दुसऱ्यांदा आलंय ना? दुसऱ्यांदा तसंच कोण गाईल? कमाल करतेस."

"पाठ म्हणजे पाठ."

"पाठ तुझ्या बाबांचा. ही गाणं गातेय. घे, तुझा चहा थंड झाला."

तिसऱ्या बाईंच्या नावावर दोनशे चौदा फुल्या जमल्या. मी त्यांची मनापासून कीव करत असे.

भांडण झाले ते गणेशोत्सवात. मंडळाने मला अर्धा तास दिला होता. मी चौघींचे एकच पद वाजवले आणि वहीतून चुका वाचून दाखवल्या. लोक शांत होते. ऐकत होते की प्रसादाची वाट बघत होते, ते सांगता येत नाही. मावशी दुसऱ्या रांगेतून उठल्या आणि म्हणाल्या, "विष्णुपंतांनी हिला वेद शिकवले नाहीत ते बरं झालं. हिनं कोकिळेला पण पहिल्यापासून म्हणायला लावलं असतं." सगळे हसले. बाबांचे नाव घेऊन चार लोकांत मला हसण्यावारी नेले, हे मी विसरणार नाही असे तेव्हा ठरवले.

इथे थांबून वरचा परिच्छेद पुन्हा वाचला. तो खरा आहे, पण पुरा नाही. शपथेवर लिहायचे तर पुरे लिहावे लागेल. मावशींच्या बोलण्यावर मी ध्वनिक्षेपकातून उत्तर दिले होते. म्हणाले होते, "मावशी, एकतीस वर्षांत तुम्ही कधी कुणाच्या चुका काढल्या असत्या, तर तुमची एखादी तरी शिष्या गायला लागली असती." तेव्हा कोणी हसले नाही. मावशी खाली बसल्या. प्रसाद न घेता घरी गेल्या. त्यांच्या शिष्यांपैकी कोणी गायिका झाली नाही, हे सगळ्या रामघाटाला माहीत आहे आणि त्यांच्यासमोर ते कधी कोणी बोललेले नव्हते.

कलम ६. चुकांची वही. डिसेंबरात आमच्या ग्रंथालयाला एका घरची जुनी पुस्तके दान आली. त्यांत याच ऑपेराची छापील स्वरपुस्तिका निघाली. ती पाश्चात्य स्वरलिपी मला येत नव्हती. माझी सहकारी निवेदिता हिची मुलगी कीबोर्ड शिकते; तिच्या पहिल्या इयत्तेच्या पुस्तकावरून महिनाभर शिकले. मग पहिल्या बाईंना लावले आणि छापील स्वरांवर बोट ठेवून ऐकले.

उत्सवात वाजवलेल्या त्या एका पदात पहिल्या बाई एकेचाळीस ठिकाणी छापल्याप्रमाणे गात नाहीत. तिसऱ्या बाई तेवीस.

पुस्तिकेच्या प्रस्तावनेत कारणही दिले आहे. त्या काळचा रिवाजच असा, की पद पहिल्यांदा साधे गायचे आणि दुसऱ्यांदा आले की गाणारीने आपल्या गळ्याला शोभेल तसे सजवायचे. दोन्ही वेळा सारखेच गाणारीला अडाणी समजत. म्हणजे जिला मी पाठ धरले, तिनेच सर्वांत जास्त मोकळीक घेतली होती. आणि बाकीच्या तिघी तिची नक्कल करत नाहीत, हा गुन्हा मी अकरा वर्षे त्यांच्या माथी मारत होते. मावशींना हे न वाचताच माहीत होते. चहा गाळता गाळता त्यांनी ते मला सांगितलेही होते.

मला आधी पुष्कळ वाईट वाटले. मग, खरे सांगते, एकटीच हसत सुटले. तीन संच पुन्हा ऐकले. तिसऱ्या बाई त्या तीन पायऱ्या वर चढतात आणि टोकावर क्षणभर थांबून खाली बघतात. मी तिथे लाल फुली मारली होती. आता तीच जागा चारदा ऐकते.

तीन संच, यंत्र आणि ही चुकांची वही कालिंदीमावशींना. त्या माझ्याहून अठ्ठावीस वर्षांनी मोठ्या आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यावर कोणी काही सुचवू नये. वहीच्या मुखपृष्ठावरचे "अशुद्धे" हे मी खोडून "दागिने" असे लिहिले आहे. पाने तीच. फुल्याही तशाच राहू दिल्या. कोणता दागिना कुठे आहे, ते त्यांवरूनच सापडते.

कलम ७. माझ्या पश्चात यज्ञेशने हे पत्र, विशेषतः कलम पाच, मावशींसमोर मोठ्याने वाचावे, म्हणजे मला काय म्हणायचे होते ते त्यांना

इतके लिहीत होते, तेवढ्यात यज्ञेश दारात आला.

"ताई, शुक्रवारपासून तुमचा मऊ भात बाहेरून येईल. दवाखान्यातलं काही खायचं नाही."

"कुणी सांगितलं?"

"नाव सांगू नकोस म्हणाल्या."

"आणखी काय म्हणाल्या?"

त्याने आधी जिन्याकडे पाहिले. मग म्हणाला, "म्हणाल्या, 'भातात मीठ कमी पडलं तर तिला म्हणावं, वहीत लिहून ठेव.'"

तो गेल्यावर मी कलम सात पुन्हा वाचले. त्याचा साधा अर्थ असा होतो की चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने आधी मी मरेपर्यंत जगावे आणि मग दुसऱ्याच्या तोंडून माझी माफी ऐकावी. त्यांच्याशी बोलायला मला गुरुवारपर्यंत चार दिवस आहेत, मध्ये फक्त एकोणीस पायऱ्या आहेत आणि मी वकिली भाषेत वाक्ये जुळवते आहे. असे कलम कोणत्याही कोर्टाने मानू नये. कलम ७ रद्द. खाडाखोड माझ्या हातची आहे.

बाकी सहा कलमे कायम. व्यवस्था यज्ञेशने पाहावी. मी हे शुद्धीवर असताना, थोडी पोटदुखी सोडल्यास सुखात असताना लिहिले. सह्या मंगळवारी, सर्वांनी एकमेकांसमक्ष कराव्या.

लिहून देणार: कस्तुरी विष्णु सप्रे

साक्षीदार १: निवेदिता श्रीराम मुळे, ग्रंथालयातली सहकारी
साक्षीदार २: सुमंत पटवर्धन, बँकेतले अधिकारी, राहणार पंचगंगा घाट

स्थळ: रामघाट, वाराणसी
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५ (गर्दीने वाट दिली तर)

उद्याचे काम: यज्ञेशला न पाठवता स्वतः वर जाणे, आणि मावशींच्या शिष्यांबद्दल बोलले ते वाक्य त्यांच्यासमोर परत घेणे.