वीतभर जागा

ता. ६ जून

चि. पान्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं दोन ओळींचं पत्र मंगळवारी मिळालं. दोन ओळींत तीन बातम्या बसवल्यास, काटकसर आमच्याकडूनच शिकलास. एक, तू बरा आहेस. दोन, डोंगराच्या पोटातल्या त्या वीजघरात लिफ्ट बसवून झाल्या तरी तू परत येत नाहीस, तिथेच कायमची नोकरी घेतोस, तीस जुलैला सही. तीन, तुझी प्रवाळांची टाकी शोभेच्या माशांच्या दुकानदाराला द्यायची, तो एक ऑगस्टला न्यायला येईल. ठीक आहे. मोठा झालास, तुझं तू बघ. मी काही बोलणार नाही. आई बोलते, पण ती हल्ली टाकीशीच बोलते. माझ्या शिलाईच्या खोलीत खुर्ची टाकून सकाळपासून समोर बसते आणि प्रत्येक प्रवाळाला नातेवाईकांची नावं देते.

आता टाकीचं ऐक. एवढा मोठा पन्हा आणि त्यात सतरा प्रवाळं, एक इकडे, एक तिकडे, मध्ये नुसती मोकळी जागा. असं कापड कोणी बेतलं असतं तर मी त्याला कात्रीला हात लावू दिला नसता. गेल्या रविवारी बाह्या वर करून सगळी नीट बेतून लावली. एकाच्या खोलगट बाजूत दुसऱ्याची फुगीर बाजू, चिंधी वाया न घालवता. अर्धी टाकी रिकामी झाली! गाळणीत एक काळ्या भुकटीची पिशवी होती, फार घाण, ती फेकून दिली.

पण गुरुवारपासून काहीतरी बिनसलंय. तो हिरव्या चांदण्यांचा गठ्ठा आहे ना, आईची 'थोरली काकू', ती दिवसा अगदी गरीब गाय. सात वाजता दिवे मंद झाले की तिच्यातून दोऱ्यासारखे लांबलांब हात निघतात आणि शेजारच्या मामीच्या अंगावरून फिरतात. मामी म्हणजे ते बुडबुडेवालं. तिचे एका बाजूचे बुडबुडे पार बसलेत, खालचं हाडूक दिसतंय. कातडी टोपीसारखे मोठे मामा रुसून मिटून बसलेत. आणि मेंदूसारख्या वळ्यांचे वकीलकाका तोंडातून पांढऱ्या धाग्यांचा गुंता काढून शेजाऱ्यावर टाकतात. मला वाटलं माझाच दोरा पडला, मी चिमटा घेऊन ओढायला निघाले होते.

इतके दिवस तुझ्या खोलीवर सगळी गुण्यागोविंदाने नांदत होती. माझ्याकडे येऊन काय झालं? घराचा गुण म्हणू नकोस.

लोभ आहेच. तुझ्याकडे शिल्लक असला तर कळव.

तुझी,
ताई

———

ता. १४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र कॅन्टीनमध्ये उघडलं आणि उभा राहिलो. शेजारच्या वेल्डरने विचारलं, घरी कोणी गेलं का. मी म्हटलं, अजून नाही, पण माझी बहीण प्रयत्न करते आहे.

ताई, धागे ओढू नकोस! ती वकीलकाकांची आतडी आहेत. शेजारी फार जवळ आला की ते आतडी बाहेर काढतात, त्याच्यावर पसरतात आणि त्याला जागच्या जागी पचवतात. मोठे मामा कोणाला हात लावत नाहीत, ते रुसतात आणि पाण्यात विष सोडतात. त्यांच्या रुसण्याने सगळं घर आजारी पडतं. ते विष शोषायला मी गाळणीत कोळशाची भुकटी ठेवली होती. ती तू फेकलीस.

आणि ही भांडकुदळ नाहीत गं. त्यांना पाय नाहीत, एवढंच. तू आठ माणसांच्या लिफ्टमध्ये सतरा कोंबलीस आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये कायमची अडकवलीस. कोपर कोण मारणार नाही? काकू अंधार पडला की हात काढते ते आधी चाचपायला, पुढे कोणी आपल्या वाढायच्या जागेत येतंय का म्हणून. कोणी लागलं तर डंख मारते. शेजार जितका जवळचा तितके ती हात लांब वाढवते. मी सोडलेली जागा रिकामी नव्हती, ती त्यांचीच होती.

आता असं कर. रबरी हातमोजे घाल. काकूला पाण्याच्या धारेच्या शेवटच्या टोकाला ने, म्हणजे तिचे हात वाहत जातील ते कोणाकडे जाणार नाहीत. तिच्याभोवती चांगली वीतभर जागा सोड, बाकीच्यांत चार-चार बोटं. पाचवा हिस्सा पाणी बदल. माझ्या लोखंडी डब्यात कोळशाची नवी पिशवी आहे, ती घाल.

एक मात्र तसंच ठेव. भगव्या तव्याचे, त्या चपट्या प्रवाळाचे, दोन तुकडे मी टाकीच्या दोन टोकांना ठेवले होते, हलवले असलेस तर परत तिथेच ठेव. बाबांनी नखाएवढा आणला होता, नऊ वर्षांत ताटाएवढा झाला. बाबा गेल्यावर घर रिकामं करताना तो कोणाच्या हातून फुटला, यावरून आपण दोन वर्षं धड बोललेलो नाही. आता पत्रातून सुरुवात नको.

नोकरीबद्दल तू काही बोलणार नाहीस हे वाचलं. तू असं म्हणतेस तेव्हा माणसं काचसामान आवरून ठेवतात.

लोभ असावा, हातमोज्यांसकट.

तुझा,
पाना

———

ता. २५ जून

चि. पान्यास अनेक आशीर्वाद.

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. टेप, खडू, हातमोजे, आणि मागे खुर्चीत आई. तिने मला काही सुचू दिलं नाही. मी काकूला उचललं तर म्हणते, हळू, तिला मान दे. मामी आणि काकूत मी टेपने नऊ इंच मोजले तर म्हणे, त्या दोघींना एवढं पुरायचं नाही, मी ओळखते दोघींना. शेवटी बारा इंच सोडले. मामीची फुटकी बाजू आता धारेच्या आड आहे आणि परवापासून तिथे दोन बारीक बुडबुडे आलेत. आईने मला मशीनवरून उठवून ते दाखवले.

वकीलकाकांनी आतडी आत घेतली. मोठ्या मामांची मात्र समजूत पटायला सहा दिवस लागले. अंगावरून एक पातळ साल टाकली, मला वाटलं गेले. आई म्हणाली, छे, कपडे बदलतायत. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी फुलून उभे. तुझे भावजी दुकान बंद करून येतात ते घड्याळदुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावूनच टाकीपुढे बसतात. आयुष्यात कधी माझ्या एका ब्लाउजकडे इतकं निरखून पाहिलं नाही.

एक कबूल करते. अठ्ठावीस वर्षं कापड बेतते आहे, पण शिवणीसाठी दोन बोटं कापड सोडायचं असतं, हे माझं मीच या टाकीत विसरले. ती दोन बोटं नसली तर कपडा अंगावर उसवतो. दर मुलीला शिकवते ना मी हे.

दुकानदार टाकीचं माप घेऊन गेला. बरा माणूस आहे. मला तो अजिबात आवडला नाही.

तव्याबद्दल विचारू नकोस.

लोभ आहे तेवढाच आहे, टेप लावून पाहिला.

तुझी,
ताई

———

ता. ४ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

विचारू नकोस म्हणजे काय? पांढरा पडला का? तसं असेल तर सरळ लिही. मला इथे बोगद्यात फोन लागत नाही, टपालाची गाडी आठवड्यातून एकदा येते, आणि तू पत्राच्या शेवटी असलं वाक्य टाकून दिवा मालवतेस. आठवडाभर मी लिफ्टच्या दोऱ्यांना दोनदा तेल दिलं. वरचा इंजिनिअर खूश आहे.

मामीचं ऐकून बरं वाटलं. आईला सांग, तिचा बारा इंचांचा हिशोब माझ्यापेक्षा बरोबर निघाला.

इथे सगळं छान आहे. खोली एकट्याची आहे. कोणाचा हात कोणाला लागत नाही. कोणाचाच.

तव्याचं लिही.

तुझा,
पाना

———

ता. १६ जुलै

चि. पान्यास अनेक आशीर्वाद.

तवा मेला नाही. आधी हे लिहिते, मग बाकीचं, नाहीतर त्या दोऱ्यांना तिसऱ्यांदा तेल देशील.

ते तुकडे माझ्याकडे दोन टोकांना राहिलेच नाहीत. तू एप्रिलमध्ये टाकी ठेवून गेलास त्याच आठवड्यात मी ते काढले आणि काठाला काठ जुळवून तुझ्या डब्यातल्या गोंदाने एका दगडावर बसवले. रंगाची रेघ रेघेला मिळाली इतके नेमके. एका कापडाचे दोन तुकडे लांब पडलेले मला बघवत नाहीत. तुझं डंखाचं पत्र आलं तेव्हा वाटलं आता ते एकमेकांना खाणार. लांब करायला हात घातला, तर हलेनात. म्हणून बसले रोज बघत.

काल तुझ्या भावजींनी भिंग लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. फूट सापडली नाही. मग मी भिंग घेतलं. पान्या, लोकांची रफू केलेली पैठणी मी तीन हातांवरून ओळखते, पण मला जोड कुठे आहे ते सांगता येईना. हे कसं, ते तुलाच माहीत.

आणि दुसरं. त्या दिवशी तवा ठेवलेल्या टबच्या दोन बाजू आपण दोघांनी धरल्या होत्या. तू ओरडलास, हळू चल, आणि मला राग आला. हात माझा सुटला. तुझा नाही. दोन वर्षं मी तुझं नाव घेतलं, कारण बाबांची शेवटची वस्तू माझ्या हातून फुटली हे मला सहन होत नव्हतं.

बोलणार नाही म्हटलं होतं, बोलते. सही करू नकोस. घरी ये. मला तू हवा आहेस.

तुझी,
ताई

———

ता. १६ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहितो, कारण कळलं मला. तू ते शेजारी ठेवलेस. तुला दोन तुकडे दिसले की तुझा हात सुईकडे जातो.

तर घाबरू नकोस, ते भांडणार नाहीत. परक्याला काकू हाताने मारते, मामा विषाने, पण एकाच प्रवाळाचे दोन तुकडे भेटले तर एकमेकांना ओळखतात. डंख नाही, काही नाही. हळूहळू काठ मिळतो आणि परत एक होतात. ताई, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी ते दोन टोकांना ठेवले आणि रोज त्यांच्याकडे बघून तुझ्यावर राग धरला.

तो राग धरायचा मला हक्कही नव्हता. त्या दिवशी टब माझ्या हातून निसटला. तू रडत होतीस, म्हणून तुझ्यावर ढकलणं सोपं गेलं.

सहीचा कागद समोर आहे. अजून कोरा आहे. यायचं मनात आहे, पण भीतीही वाटते. एका घरात राहिलो तर आठवड्यात आपण काकू आणि मामी होऊ. तू सांग.

लोभाचं तुझं तू ठरव, मी मागायला आलोय.

तुझा,
पाना

———

ता. २३ जुलै

चि. पान्यास, आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिहिते आहे, कारण ताई मशीनवर बसून रडते आहे आणि कागद भिजवते आहे. तुमची दोघांची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. मी दोन्ही वाचली. एक पाकीट डकवायच्या आधी, एक फोडल्यावर. रागवायचं असेल तर येऊन रागाव.

दोघंही मूर्ख आहात. मी त्या दिवशी दारात उभी होते. टब तिच्या हातून सुटला नाही आणि तुझ्याही हातून सुटला नाही. चूक कोणाची ते दाखवायला तुम्ही दोघांनी एकदमच एक-एक हात काढून एकमेकांकडे बोट केलंत. तेव्हा पडला. मी दोन वर्षं गप्प बसले, म्हटलं आपण होऊन बोलतील. तुमचे बाबा असते तर इतका धीर धरला नसता.

दुकानदाराला मी नाही म्हणून सांगितलं. थोडा नाराज झाला, मग मोठ्या मामांकडे बघून म्हणाला, यांना न्यायची भीतीच वाटत होती.

आणि राहायचं. आमच्या घरात नको, मी ताईला तसं स्पष्ट सांगितलं. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. मी जाऊन उभी राहून पाहिलं, ताईला खिडकीत उभं करून. तिने हाक मारली तर तिथे ऐकू येते. तिने भांडं आपटलं तर ऐकू येत नाही. मी तीनदा आपटायला लावलं. खोल्यांची किल्ली माझ्या उशाखाली आहे.

तवा तुझी वाट पाहतो. जोड शोधायला येऊ नकोस, मिळणार नाही.

लोभ असावा, पण वीतभर जागा सोडून.

तुझी,
आई