ओट्यावरचा बोर्ड गप्प

२० एप्रिल, जळगाव

नाही, मी आळशी नाही! आणि तू पान आहेस, पानासारखं पडून राहा. चार दिवस तुझ्यावर काही उमटलं नाही म्हणून असं कोरं तोंड करून बघू नकोस माझ्याकडे. मालच यायचा थांबलाय — काय लिहू?

बोर्ड मेलाय. पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, त्याला एक माइक. गावाकडे मायच्या ओट्यावर, खांबाला ठोकलेला. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया तिथे बिबड्या-पापड करायला जमतात आणि बोलतात. बोर्ड ऐकतो हे सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकू लावलं होतं बायांनी! ते बोलणं वायफायवरून इथे माझ्या खोलीत येतं. त्यातून पुस्तक. लेखिकेचा स्वतःचा एकही शब्द नसलेलं पुस्तक! मागच्या महिन्यात धुळ्याला वाचन झालं, तिथे हेच सांगितलं तर केवढ्या टाळ्या.

आणि आता बोर्ड ऑफलाइन. शी!

२१ एप्रिल

मायला फोन. दिवा कोणता लागतोय?

"लाल लागेल शे. हिरवा टिमटिम करस."

म्हणजे वीज आहे, जीव आहे, फक्त नेट नाही. म्हटलं पिन काढ, दहापर्यंत मोज, लाव. काढली. लावली. काही नाही. परत काढ. परत लाव.

"आखो कितला डाव काढू ना लावू? मी काय लाइनमन शे का?"

फोन ठेवला तिने. माझा घाम कीबोर्डवर. कूलरचं पाणी संपलंय आणि भरायची पाळी खोलीतल्या जोडीदारणीची, शिल्पाची आहे. ती म्हणते, "तू आईला जेवलीस का ते विचारलंस? नाही. चिपचा दिवा विचारलास." उपदेश करायला ताकद आहे, बादली उचलायला नाही.

२२ एप्रिल

नवलभाऊला लावला. गावातली वायफायची कनेक्शनं तोच देतो.

"सिग्नल बठ्ठा बरोबर शे ना ताई! तुना बोर्डच जुना."

जुना! फेब्रुवारीत घेतलाय. किळस येते मला या माणसांची — स्वतःचं सोडून जगातल्या सगळ्या वस्तू खराब. इंटरनेटवरचे शहाणे त्याहून वाईट. एक म्हणतो चार्जर कमजोर. दुसरा म्हणतो वायफाय झोपी जातं, झोप बंद करा. अरे, केली कधीच! तिसरा म्हणतो बोर्ड कोणत्या देशात आहे ते सेटिंगमध्ये सांगा. सांगितलंय. भारतातच आहे बिचारा, जाईल कुठे?

उद्या गावी.

२३ एप्रिल

चाळीसगावपर्यंत पॅसेंजर, पुढे काळीपिवळी. मांडीवर बकरी, तिचा पाय माझ्या बॅगेत.

माय ओट्यावर एकटी. मी आधी खांबाकडेच गेले.

बोर्ड काढून टीव्हीला जोडला. मायची मालिका बंद, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. ती पदर तोंडाला लावून बघत बसली. नवा चार्जर — काही नाही. घरचं नेटवर्क दिसतंय, सिग्नल भरपूर, पासवर्ड बरोबर. तरी धाडकन नकार! मग माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट दिलं. बोर्ड एका क्षणात जोडला गेला.

म्हणजे बोर्ड धडधाकट. म्हणजे राउटर. आत घुसले, आणि — आमचा बोर्ड ब्लॉक केलेला! अपघाताने होत नाही हे. कोणीतरी बोट ठेवून केलंय.

"नवल्याला सोडणार नाही मी!"

"नवलले काय बोलस? मीच सांगं त्याले. म्हणं, ती डब्बीनं नेट काप."

२४ एप्रिल

काल याच्या पुढचं लिहिलं गेलं नाही. आज लिहिते, पण ओकारी आल्यासारखं.

धुळ्यात मी एक वाक्य वाचलं होतं. "सासरा मरना त्या दिन मी पोटभर जेवनू." सभागृह गार पडलं होतं. वाक्य समोरच्या घरच्या ताईबाईअक्काचं. नाव मी घेतलं नव्हतं. पण ऐकणाऱ्यांत अक्काचा पुतण्या होता, तिथे कॉलेजला आहे. त्याने घरी सांगितलं. तेव्हापासून जीवरामआबा अक्काशी, स्वतःच्या बायकोशी, बोलत नाहीत. तिने वाढलेलं ताट सरकवून देतात. दोन्ही मुलंही तशीच. अक्काला उंबऱ्याबाहेर येऊ देत नाहीत.

मी म्हटलं, नाव कुठे घेतलं मी?

"नाव नई लिधं. पन तिना घरना लोके बहिरा शेतस का?"

मी म्हटलं, माय, ती कला आहे. हो, म्हटलं मी असं. शी, शी.

बिबड्यांची ज्वारी मायने तीन दिवस भिजवली होती, कांडली, घाटा शिजवला. आमच्या घरची पाळी होती. घाटा गरम असतानाच चार हातांनी थापावा लागतो. एकही बाई आली नाही. "बठ्ठ्या म्हणतस, कोकिळाना ओटावर तोंड उघडानं नई." कोकिळा म्हणजे मायच. घाटा म्हशीला टाकला. मग तिने नवलला बोलावलं. तरी बाया येत नाहीत. नेट कापलंय हे त्यांना पटतच नाही. लाल दिवा लागतो ना!

नवलने राउटरचा पासवर्ड बदललेला नाही. दोन बटणं दाबली की बोर्ड परत चालू. संध्याकाळी मोबाइल हातात घेऊन बसले होते, बोट बटणावर. कोणाला सांगू हे? तुलाच.

२५ एप्रिल

लॅपटॉपमधलं अक्काचं रेकॉर्डिंग पुसलं. बोर्डाचं मेमरी कार्ड चुलीत घातलं. मग समोर गेले. जीवरामआबा, दोन्ही मुलं, दोन शेजारी ओसरीत बसलेले. म्हटलं, ते वाक्य अक्काचं नाहीच. मी बनवलं. सगळं पुस्तकच मी बनवलंय, बायांच्या नावावर खपवतेय. धुळ्यालाही तसं कळवलंय, विचारा पुतण्याला.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. अक्का दारात आली, तोंड उघडणार होती.

मी चपला हातात घेऊन निघाले.