वाटेतला दगड

माय, तू ज्या वाटेनं सीताफळांची टोपली डोक्यावर घेऊन चांदूरच्या बाजाराला जायचीस, त्या वाटेवर मी हल्ली सायकल चालवतो. हे ऐकून तू आधी हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "काहून? बस बंद पडली का?" बस चालू आहे. डांबरी रस्ता जंगलाला वळसा घालून जातो आणि गावातले सगळे त्याच रस्त्यानं येतात-जातात. जंगल राखीव झाल्यापासून आतली वाट गाड्यांना बंद आहे. बैलगाडी नाही, मोटारसायकल नाही. नाक्यावर नाव लिहून पायी जा, नाहीतर सायकलनं जा. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि मुलानं ही सायकल घेऊन दिली. ग्रॅव्हल बाईक म्हणतात हिला, म्हणजे खडी-मुरमावर चालवायची सायकल. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वाकलेलं, टायर मात्र जाड, मुरमावरून न घसरता जाणारे. सकाळी सागाच्या पानांवर दव असतं, मागे हॉर्न नाही, धूर नाही, चाकाखाली तेवढा मुरूम करकरतो आणि माझं नामस्मरण आपोआप सुरू होतं. पण आज ते सांगायला बसलो नाही. मला किळस आली आहे आणि ती कोणाजवळ तरी ओकून टाकायची आहे.

चढ संपून वाट उताराला लागते तिथला आपला देव. देव म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याच्याभोवती टाकलेल्या दगडांचा ढीग. तू डोक्यावरची टोपली तशीच सांभाळत, मान ताठ ठेवून गुडघ्यांत वाकायचीस, वाटेतला एक दगड उचलायचीस आणि ढिगावर ठेवायचीस. मी तुझ्यामागे. एकदा मी नदीतली पांढरी गारगोटी खास देवासाठी म्हणून खिशातून नेली होती. मला वाटलं, तू कौतुक करशील. तू ती ढिगावरून उचललीस आणि माझ्या हातात परत दिलीस. "घरून आनलेला गोटा त्याच्या काय कामाचा? वाटेतला उचल. मांगून येनाऱ्याले ज्याची ठेच लागन, तो दे त्याले." मी रुसलो. संध्याकाळी तू चुलीपुढे बसली आहेस, माझा पाय मांडीवर घेऊन सुईनं काटा काढते आहेस. बाजारात न खपलेली, अजून कडक असलेली सीताफळं कोपऱ्यात गवताखाली दाबलेली आहेत. आणि तुझं तेच चाललं आहे, "देवाले शोभा नाई पाह्यजे, बापा. वाट साफ पाह्यजे." इतकी माणसं त्या वाटेनं अनवाणी चालायची आणि वाट हाताच्या तळव्यासारखी स्वच्छ असायची, ती कशामुळे, हे मला फार उशिरा कळलं.

आता तिथून गावचं कोणी चालत नाही. दगड वर येतात आणि तसेच पडून राहतात. आमच्या रविवारच्या सायकलवाल्या ग्रुपला तेच हवं असतं. ग्रुपचा म्होरक्या अकोल्याचा आहे, टाइल्सचं दुकान आहे त्याचं, वयानं माझ्याहून बराच लहान, मला काका म्हणतो. पावसाळा संपल्यावरची गोष्ट. नाक्याबाहेर चहा पिताना त्यानं मला विचारलं, तो दगडांचा ढीग कशाचा आहे. मी सांगितलं, येणारा-जाणारा तिथं एक दगड ठेवतो, फार जुनी रीत आहे. एवढंच सांगितलं. दगड कुठला, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ते सांगावं लागेल असं तुला तरी वाटलं असतं का?

त्यानं ते ग्रुपवर टाकलं आणि पुढच्या रविवारी प्रत्येकानं घरून एक दगड आणला होता. रंगवलेला. कोणावर नाव, कोणावर किती किलोमीटर चालवली त्याचा आकडा, एकावर सायकलचं चित्र, आणि म्होरक्याच्या दगडावर दुकानाचा फोन नंबर. ते ढिगावर रचून सगळ्यांनी फोटो काढले. आता त्या जागेला स्टोन पॉइंट म्हणतात. फोटो झाल्यावर तिथंच बसून ते गोड चिकट औषधासारखं जेल पाकिटातून चोखतात आणि पाकीट तिथंच टाकतात. त्या पाकिटांना मुंगळे लागलेले असतात. तोंड पुसलेले ओले कागद पळसाच्या फांदीला अडकवलेले असतात. एक जण ढिगाआडच लघवीला उभा राहिला. मी म्हटलं, "अहो, देव आहे तो." तो मागे न वळता म्हणाला, "काका, तोंड त्या बाजूनं आहे त्याचं." सगळे हसले. त्या ओल्या मातीचा वास मला घरी येईपर्यंत येत होता. अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, तरी येत होता.

मागच्या रविवारी पुढचं निघालं. उद्याच्या रविवारी अकोल्याहून मोठी टोळी येणार आहे. प्रत्येकाचा दगड तयार आहे, गाडीनं नाक्यापर्यंत आणणार आहेत. म्होरक्या मला म्हणाला, "आन् काका, थोडं सिमेंट नेऊ, चबुतरा करून टाकू. टाइल्स माह्याकडून. नारळ तुमीच फोडा, तुमच्या गावचा देव आहे ना."

मी म्हटलं, "नारळ मी फोडणार नाही. चबुतराही करू नका."

"काहून? देवाचंच करून राहिलो ना. तुमाले तं खुशी पाह्यजे."

"त्याला चबुतरा नको. काही द्यायचंच असेल तर वाटेतले दगड उचला, त्याला तेच लागतात."

तो खो खो हसला. "वाटेतले उचलले तं मंग ग्रॅव्हल कशाचं, काका? सिमेंटच्या रोडवर चालवू का?" मग माझा चेहरा पाहून आवाज उतरवला. "बरं, चबुतरा राहू द्या. पण दगड तं येतीन. लोकायनं मेहनतीनं रंगवले आहेत." पाठीमागून कोणीतरी म्हणालं, काका सेंटी झाले.

म्हणून आज शनिवारी मी एकटाच गेलो. रंगवलेले सगळे दगड वेचून पाठीवरच्या पिशवीत भरले, पाकिटं भरली, ते ओले कागदही बोटांच्या चिमटीत धरून भरले. मग चढाच्या वाटेवरचे, टायरला लागणारे, थोडे दगड उचलून ढिगावर ठेवले. कमरेत वाकायला त्रास होतो आता. तुझ्यासारखं गुडघ्यांत वाकलो. नाक्यावरच्या चौकीदारानं फुगलेली पिशवी पाहिली. "काय काका, देवाचे दगड चोरून राहिले का?" मी म्हटलं, "नाही, कचरा आहे." त्यानं एक बाहेर काढून पाहिला, फोन नंबर वाचला आणि म्हणाला, "न्या मंग."

उद्या ते नवे दगड घेऊन येतीलच. मी त्यांच्याबरोबर जाणार नाही, हे ग्रुपवर कळवलं आहे. परवा मागून जाईन आणि वेचून आणीन. असं किती दिवस चालेल, ते देव जाणे.

हे पत्र त्या ढिगाखाली ठेवावं असं मनात आलं होतं. पण जंगलात कागद टाकला म्हणून तूच बोलशील. तेव्हा घरीच राहू दे.

एक सांगायचं राहिलं. सगळे दगड वेचले, पण एक पांढरा गुळगुळीत गोटा मी हातात घेतला आणि परत ठेवला. त्यावर तुझं नाव आहे, शेंदरी रंगात. त्या पहिल्या रविवारी सगळ्यांबरोबर मीही एक घरून नेला होता. तू असतीस तर तो माझ्या हातात परत दिला असतास.